वाढत्या अंगाचं

माझं नाव बखीत. अल-जिनैनाच्या बाजारात
कडुनिंबाखालचं तिसरं दुकान माझं.
कडुनिंब अजून आहे म्हणतात.

ईदच्या आधी पंधरा दिवस
आया पोरांना बखोट धरून आणायच्या,
पोरं हात वर करून उभी राहायची, गुदगुल्यांनी वाकडी व्हायची,
आणि प्रत्येकीचं तेच:
वाढत्या अंगाचं शिव रे,
पुढच्या ईदलाही यायला हवं.
मी मापात दोन बोटं धरायचो
आणि शिवणीत आणखी एक बोट माया,
न सांगता.
वर्षाने उसवायला आणायच्या, तेव्हा
पोर बरोब्बर तेवढं भरलेलं असायचं.

मशीन राहिलं. पायडलवर पाय ठेवूनच उठलो होतो.
गळ्यात टेप होता, कमरेला मापांची वही,
एवढंच सीमेपलीकडे आलं.
वाटेत ओढ्याच्या काठी भावाला पुरलं, अबकरला.
कफन नव्हतं.
पस्तीस वर्षं शिंपीकाम केलेला माणूस मी,
आणि कापड नव्हतं.

आद्रेच्या छावणीत नर्सबाईने गळ्यातला टेप पाहिला.
म्हणाली, मापाला तुझा हात बसलाय, ये.
तिने दिलेली पट्टी वेगळी, बोटभर रुंद,
तिच्यात एक खिडकी, आणि तीन रंग.
दंडाच्या मधोमध गुंडाळायची, खिडकीत बघायचं.
हिरवा: जा.
पिवळा: पंधरा दिवसांनी ये.
लाल: शेंगदाण्याच्या लगद्याची पाकिटं, आठवड्याची.

पहिल्या दिवशी कळलं नाही.
दुसऱ्या दिवशी एक बाई वाकून कानाशी बोलली,
तिच्या मागची तेच बोलली, तिच्या मागचीही.
जरा घट्ट ओढ.
घट्ट ओढ, बखीत.
लाल येऊ दे.

गुरुवारी दारसलाम आली. तिचा तोब मी ओळखला,
काठ मीच दुमडला होता.
कडेवर रिहाब.
वहीत आहे ती, बाविसाव्या पानावर:
रिहाब, वय तीन. छाती एकवीस. उंची सोडून घेणे.
निळं कापड, पिवळी झालर.
आगाऊ अर्धे. बाकी अर्धे.

मी पट्टी गुंडाळली.
तिला गुदगुल्या झाल्या नाहीत.
अकरा पूर्णांक सात.
पिवळा.
दोन मिलिमीटर जास्त होती पोर.
दोन मिलिमीटर म्हणजे
गाठ मारलेल्या जाड दोऱ्याएवढं काहीतरी.

शिंप्यांबद्दल लोक बोलतात ते मला माहीत आहे.
मी कधी कुणाचं टीचभर कापड मारलं नाही,
चिंध्यासुद्धा बांधून परत द्यायचो.
दारसलाम काही बोलली नाही.
ती बोलली असती तर
नाही म्हणायला बरं पडलं असतं.

मी ओढली.
खिडकीत लाल आलं, मी मोठ्याने वाचलं,
नर्सबाईने लिहून घेतलं
आणि क्षणभर माझ्या बोटांकडे बघून पान उलटलं.

खोक्यात त्या दिवशी चाळीस पोरांपुरतीच पाकिटं होती.
रांग पाण्याच्या टाकीला वळसा घालून गेलेली.
तिथे मागे कुठेतरी
कुणाच्या तरी अंगातून मी ते कापलं,
कुणाच्या, ते बघायला उठलो नाही.

रिहाबने पाकिटाचा कोपरा दातांनी फोडला.
दारसलाम म्हणाली,
त्या फ्रॉकचे अर्धे पैसे राहिलेत माझ्याकडे.
म्हटलं, फ्रॉकही राहिलाय. खुंटीवर होता,
बटणं तेवढी लावायची होती.

ती निघाली. चार पावलं जाऊन वळली.
माया किती सोडली होतीस?

तीन बोटं, मी म्हटलं. तिची जरा जास्त धरली होती.

तिने स्वतःची तीन बोटं जुळवली
आणि पोरीच्या दंडाला लावून पाहिली.
दंड त्यांच्यामागे दिसेनासा झाला.

पुढचं, मी म्हटलं. हात सैल सोड, बाळ.